आधी जागा, मग स्क्रू

प्रश्न : पोळा जवळ आला की आमच्या इकडच्या भजनी मंडळांना आणि गणेश मंडळांना अँप्लिफायरची आठवण होते. मी हौसेनं अँप्लिफायर जुळवतो, जुने दुरुस्तही करतो. सुटे भाग नागपूरहून आणतो. सोल्डरिंग चांगलं जमतं, पण बारीक स्क्रू आणि वायसर यांनी जीव नकोसा केला आहे. हातातून निसटतात, फरशीवर उडतात, नाही तर थेट सर्किटमध्ये जाऊन पडतात. सगळं जोडून झालं की एखाद-दोन उरलेले असतातच. मुरलेले कारागीर हे कसं सांभाळतात? आणि इतक्या नाना तऱ्हेचे वायसर लागतात तरी कशाला? एखादा लावला नाही तर काय बिघडतं?
– एक वाचक, सौंसर (जि. पांढुर्णा)

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. एखादा वायसर लावला नाही तर कधी काहीच बिघडत नाही, आणि कधी बटण दाबताक्षणी फ्यूज उडतो किंवा ट्रान्झिस्टर जातो. कुठला वायसर कुठल्या जातीचा, हे खाली सविस्तर सांगतो. त्याआधी निसटणाऱ्या स्क्रूंबद्दल.

बहुतेकांना वाटतं, स्क्रू निसटतो कारण आपला हात स्थिर नाही. हाताला सवय लागते हे खरं, पण केवळ सवयीच्या भरवशावर कुठलाच चांगला कारागीर काम करत नाही. याचा मला माहीत असलेला सर्वांत बोलका दाखला अंतराळातला आहे.

हबल दुर्बिणीवरचं एसटीआयएस नावाचं उपकरण ऑगस्ट २००४ मध्ये बंद पडलं. बिघाड होता त्याच्या वीजपुरवठ्याच्या भागात. त्यातलं एक कार्ड बदललं की काम भागणार होतं, पण ते कार्ड ज्या झाकणाआड होतं त्या झाकणाला १११ बारीक स्क्रू होते आणि सोबत वायसर. हे झाकण कक्षेत कुणी उघडेल असं बनवताना कुणाच्या मनातही नव्हतं. अंतराळवीराच्या हातात हवेनं फुगलेले जाड हातमोजे. तिथं सुटलेला स्क्रू खाली पडत नाही, तो तरंगत दुर्बिणीच्या पोटात शिरू शकतो. मग नासाच्या तंत्रज्ञांनी एक पारदर्शक पत्रा तयार केला. झाकणावरच्या स्क्रूंच्या नेमकं वर येतील अशी भोकं त्याला पाडली. भोक एवढंच की पेचकसाचं टोक आत जाईल, पण सुटलेला स्क्रू बाहेर येणार नाही. १७ मे २००९ रोजी मायकेल मॅसिमिनो आणि मायकेल गुड या अंतराळवीरांनी आधी हा पत्रा झाकणावर बसवला आणि मग एकेक स्क्रू सोडवत गेले. सुटलेले स्क्रू वायसरसकट पत्र्याखाली अडकून राहिले. कार्ड बदललं गेलं आणि उपकरण पुन्हा सुरू झालं.

या कामासाठी त्यांनी किती तालीम केली असेल याची कल्पना करा. तरीही स्क्रू चिमटीत पकडण्याच्या त्यांच्या कसबावर काहीच सोपवलेलं नव्हतं. स्क्रू सुटण्याआधी त्याची जागा तयार होती. तुमच्या कामालाही हाच नियम लावा. ज्या स्क्रूची जागा ठरलेली नाही तो सोडवायचाच नाही.

बैठक

टाइल्सच्या फरशीवर पडलेला स्क्रू टप्पा खाऊन कुठल्या कुठं जातो. म्हणून काम फरशीवर असो वा टेबलावर, खाली जाडसर पांढरी चादर अंथरा आणि तिची पुढची कड कमरेला खोचा. मांडीवरून निसटलेला स्क्रू चादरीच्या झोळीतच राहतो. पांढऱ्यावर काळा आणि पितळी दोन्ही स्क्रू उठून दिसतात. रंगीत, नक्षीदार सतरंजी या कामाला अगदीच निरुपयोगी.

दुसरं, भोकं पाडण्याचं काम आणि जोडणीचं काम एकाच चादरीवर करू नका. चेसिसला ड्रिल मारताना पडणारा लोखंडाचा कीस डोळ्यांना दिसत नाही, पण सर्किटच्या दोन पट्ट्यांमध्ये बसला की शॉर्ट करतो. आधी सगळी भोकं पाडा, ब्रशनं आणि ओल्या फडक्यानं चेसिस स्वच्छ करा, चादर बाहेर झटका आणि मगच सर्किट हातात घ्या.

नकाशा

जुनी वस्तू उघडताना स्क्रू वाटीत जमा करणं ही फार पसरलेली सवय आहे, आणि तुमच्याकडे जे एखाद-दोन उरतात ते काही अंशी याच सवयीमुळे. वाटीत स्क्रू सुरक्षित राहतो, पण तो कुठून आला ही माहिती हरवते. त्याऐवजी पुठ्ठ्यावर त्या वस्तूची ढोबळ आकृती काढा. डाव्या कोपऱ्यातला स्क्रू निघाला की पुठ्ठ्याच्या डाव्या कोपऱ्यात टोचून ठेवा. झाकणाचा एक पुठ्ठा, आतल्या बोर्डाचा दुसरा, ट्रान्सफॉर्मरचा तिसरा, आणि प्रत्येकावर क्रमांक. जोडताना उलट्या क्रमानं चालायचं. वायसर ज्या स्क्रूचा आहे त्याच स्क्रूत ओवून ठेवा, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं. बाहेरचं झाकण उघडण्याआधी आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलनं फोटो काढला तर आणखी उत्तम.

नकाशा का हवा? कारण दोन स्क्रू जाडीला सारखे असले तरी लांबीला वेगळे असतात. पायाच्या रबरी बुटाचा लांब स्क्रू चुकून बोर्डाखाली लागला तर तो वर येऊन बोर्डाच्या पाठीला टेकतो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांना हा धोका चांगला ठाऊक आहे. तिथं मिलिमीटरभर लांब स्क्रूही बोर्डाच्या आतल्या तांब्याच्या रेषा तोडू शकतो आणि फोन कायमचा जातो. लांबी मोजण्याचाही एक संकेत आहे. गोल डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्याखालून मोजतात, आणि पत्र्यात समपातळीला बसणाऱ्या चपट्या डोक्याच्या स्क्रूची डोक्यासकट. दुकानात मागताना हे लक्षात ठेवलं तर हेलपाटा वाचतो.

हरवलेल्या स्क्रूच्या जागी ‘दिसायला तसाच’ दुसरा लावणं हाही धोक्याचाच प्रकार. १० जून १९९० रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनच्या मालागाला निघालेल्या विमानाची पुढची काच हवेत निखळून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून तो वाचला. उड्डाणाआधी ती काच नव्यानं बसवताना ९० बोल्ट लागले होते. त्यांपैकी ८४ बोल्ट ठरलेल्या मापापेक्षा व्यासाला सुमारे ०.६६ मिलिमीटर कमी होते. नमुना जुन्या बोल्टशी ताडून नवे घेतले होते, भाग क्रमांक पाहिला नव्हता. तुमच्या अँप्लिफायरवर कुणाचा जीव टांगलेला नसेल, पण नियम तोच लागू होतो.

आटे

आपल्याकडे सुट्या भागांच्या दुकानात सर्वाधिक चालतो तो एम३ स्क्रू. त्याचा व्यास ३ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर ०.५ मिलिमीटर. पण कॉम्प्युटरच्या डब्यातून काढलेले स्क्रू जपून वापरा. मोठ्या हार्ड डिस्कला लागणारा स्क्रू इंची मापाचा असतो, जरा जाड आणि इंचाला ३२ आटे. तो एम३च्या भोकात नेट लावून फिरवला तर भोकाचे आटे जातात. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या रेडिओत बीए नावाच्या मापाचे स्क्रू सापडतात. त्यातला ६ बीए व्यासाला २.८ मिलिमीटर असल्यामुळे एम३चा भाऊच वाटतो, पण त्याचे आटे वेगळे. कसोटी सोपी आहे. योग्य स्क्रू पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच फिरतो. बोटांनी फिरत नसेल तर पेचकसाला हात लावू नका.

प्लॅस्टिकमध्ये शिरणारा स्क्रू स्वतःचे आटे स्वतः कापतो. तो पुन्हा बसवताना आधी उलटा फिरवा. फिरवता फिरवता तो ‘टक्’ करून किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं. म्हणजे तो जुन्या आट्यांच्या तोंडाशी आला. आता सुलटा फिरवा. असं न करता रेटला तर दरवेळी नवे आटे पडतात आणि दोन-चार वेळा उघडझाक झाली की प्लॅस्टिकचं भोक पोकळ होऊन जातं.

स्टारच्या पेचकसाबद्दलही एवढंच सांगतो. एम३ला पीएच१ हे टोक लागतं, एम१.६ किंवा त्याहून बारीक स्क्रूला पीएच० अथवा पीएच००. एकच पेचकस सगळ्यांना चालवला की खाचा घासतात. जुन्या जपानी टेपरेकॉर्डरच्या स्क्रूच्या डोक्यावर कधी कधी एक बारीक ठिपका असतो. ती खाच जपानी पद्धतीची, आपल्या नेहमीच्या स्टारहून किंचित वेगळी. तिथं पेचकस अगदी सरळ धरून वरून दाब द्या, नाही तर तो घसरून खाच खातो. हबलच्या त्याच मोहिमेत १११ बारीक स्क्रूंनी त्रास दिला नाही, त्रास दिला झाकणाच्या आड येणाऱ्या दांड्याच्या एका स्क्रूनं. त्याचं डोकं घासलं गेलं आणि शेवटी मॅसिमिनो यांना तो दांडा हातानं ओढून काढावा लागला.

धरायचं कसं

जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकावर पेचकसाचं टोक एकाच दिशेनं काही वेळा घासलं की त्यात चुंबकत्व येतं आणि पोलादी स्क्रू टोकाला चिकटून राहतो. पितळी स्क्रू आणि बहुतेक स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मात्र चिकटत नाहीत. तिथं हे करून पाहा : वायरवर घालायच्या स्लीव्हचा दोन इंचाचा तुकडा घ्या, स्क्रूचं डोकं त्यात घट्ट बसवा आणि स्लीव्हच फिरवून स्क्रूचे पहिले आटे लावा. आटे लागले की स्लीव्ह वर ओढली तर स्क्रू जागेवर राहतो. अडचणीच्या खोल कोपऱ्यासाठी याहून स्वस्त आणि भरवशाचं साधन मला तरी माहीत नाही. नटासाठी पेचकसाच्या टोकावर मेणाचा कण पुरतो.

चुंबकाचा पेचकस चेसिस घासल्यावर किंवा ड्रिल मारल्यावर पुसून घ्यायला विसरू नका. त्याच्या टोकावर लोखंडी किसाची दाढी उगवते आणि ती नेमकी बोर्डावर गळते.

वायसर

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. अँप्लिफायरमध्ये चार जातींचे वायसर येतात आणि चौघांची कामं वेगळी.

साधा चपटा वायसर दाब पसरवतो. स्क्रूचं डोकं थेट बोर्डावर आवळलं तर ते फिरताना हिरवा थर खरवडतं आणि खालची तांब्याची पट्टी उघडी पडते. भोक जरा मोठं झालं असेल तिथंही हाच कामाचा.

स्प्रिंग वायसर, म्हणजे कापलेलं कडं. याच्यावर सर्वांचा फार विश्वास, पण नासानं १९९० मध्ये काढलेल्या स्क्रू-बोल्टच्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं आहे की पूर्ण आवळेपर्यंत हा वायसर सपाट होतो आणि मग अडवून धरण्याच्या कामाचा उरत नाही. स्पीकरच्या खोक्यातच अँप्लिफायर बसवला असेल तर सततच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात. तिथं नायलॉनचं कडं असलेला नट वापरा, किंवा आवळून झाल्यावर स्क्रूच्या आट्यांच्या कडेला नेलपॉलिशचा एक थेंब द्या. पुन्हा उघडायची वेळ आली तर तो सहज तुटतो. आटे पक्के करायचं बाजारी द्रव्य प्लॅस्टिकजवळ लावू नका, काही प्लॅस्टिकना त्यानं तडे जातात.

दातेरी वायसर अर्थिंगसाठी. रंगवलेल्या चेसिसला अर्थची तार नुसती आवळली तर मध्ये रंगाचा थर राहतो आणि संपर्क होत नाही. दातेरी वायसरचे दात रंग फोडून पत्र्याला भिडतात. तरीही भोकाभोवतीचा रंग आधी पॉलिश पेपरनं खरवडून घ्याच. इथं आळस केला तर एखाद्या दिवशी चेसिसला हात लावणाऱ्याला झटका बसेल, आणि माइक धरणारे हात बहुधा घामेजलेले असतात.

चौथा अभ्रकाचा, आणि जो लावला नाही तर घात होतो तो हाच. तुम्ही २एन३०५५ हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर नक्की वापरला असेल. त्याची टोपी म्हणजेच त्याचा कलेक्टर. ती हीटसिंकला थेट आवळली आणि हीटसिंक चेसिसला लागला, तर कलेक्टरवरचा व्होल्टेज सरळ ग्राउंडला. दोन ट्रान्झिस्टर एकाच हीटसिंकवर असतील तर दोघांचे कलेक्टर एकमेकांना जोडले जातात. म्हणून मध्ये अभ्रकाचं पातळ पान घालतात. ते वीज अडवतं आणि पातळ असल्यामुळे उष्णता पलीकडे जाऊ देतं. भूशास्त्राच्या पुस्तकांत ‘सौंसर समूह’ या नावानं ओळखले जाणारे, मँगनीजसाठी प्रसिद्ध असलेले तुमच्या पट्ट्यातले खडक आहेत, त्यांतही अभ्रक आहे, पण बारीक पापुद्र्यांच्या रूपात. वायसर कापण्याजोगी मोठी पानं प्रामुख्यानं झारखंडमधल्या कोडरमाच्या खाणींतून जगभर गेली.

आता हे पान बसवताना नीट पाहा. हीटसिंकला भोक पाडलं की त्याच्या काठाला धातूची धार उभी राहते. नखानं चाचपली तर लागते. ही धार अभ्रकाला टोचते आणि तुमची सगळी मेहनत वाया घालवते. म्हणून मोठ्या मापाचा ड्रिल बिट हातात धरून भोकाच्या तोंडावर हलकेच फिरवा, धार निघून जाते. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ थर द्या, जाड नको. स्क्रूच्या भोकात प्लॅस्टिकचा बुश घालायला विसरू नका. अभ्रक घातला आणि बुश विसरला, तर स्क्रूमधूनच शॉर्ट होतो. दोन्ही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीनं आवळा. मग मल्टिमीटर लावा, एक टोक ट्रान्झिस्टरच्या टोपीला, दुसरं हीटसिंकच्या उघड्या धातूला. बझर वाजला तर पुन्हा खोला. ही तपासणी वायरी जोडण्याआधी करायची, कारण जोडल्यावर इतर वाटांनी मीटर भलतंच काही दाखवू शकतो.

सगळ्याच भागांना अभ्रक लागतो असं नाही. ७८१२ची धातूची पाठ ग्राउंडला जोडलेली असते, तो थेट चेसिसला लावला तरी चालतो. ७९१२ची पाठ इनपुटला, एलएम३१७ची आउटपुटला. दिसायला तिन्ही एकसारखे. टीडीए२०३०ची पाठ उणे पुरवठ्याला असते. एकेरी पुरवठ्यात ते ग्राउंडच, पण दुहेरी पुरवठ्यात तिथं अभ्रक हवाच. मित्राच्या अँप्लिफायरमध्ये नव्हता म्हणून आपल्यातही नको, हा हिशेब इथं चालत नाही.

पडलाच तर

स्क्रू पडला की पहिली गोष्ट म्हणजे पाय हलवू नका. आधी मांडी, शर्टाची घडी, चादर पाहा. मग दिवा बंद करून टॉर्च फरशीवर आडवा ठेवा. कडेनं येणाऱ्या उजेडात एवढ्याशा स्क्रूचीही लांब सावली पडते. कोपऱ्यातला शोधायला स्पीकरचा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. पिशवी उलटी केली की पोलादी स्क्रू आणि कचरा दोन्ही चुंबकापासून वेगळे होतात.

सर्किटमध्ये पडला असेल तर प्लग काढलेला आहे याची खात्री करूनच पुढं जा. एसएमपीएस असलेल्या वस्तूत २३० व्होल्टचे डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. मीटरनं मोजा, उतरल्याचं दिसल्यावरच हात घाला. मग चेसिस उलटं करून हलवा आणि खडखड ऐका. स्क्रू सापडला नाही तर त्या दिवशी वीज द्यायची नाही. स्क्रू बाहेर कुठे हरवला असेल, असं गृहीत धरून बटण दाबणं हा जुगार आहे.

उरलेले

जोडणी करताना सगळे स्क्रू आधी सैल लावा, सगळे बसले की मग समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा. एक कोपरा आधी पक्का केला तर चौथ्या कोपऱ्याचं भोक जुळत नाही, आणि तो स्क्रू ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला पडतो. उरणाऱ्या स्क्रूंतले बरेच असे उरतात. शेवटी उरलेले स्क्रू मोजण्यापेक्षा रिकामी राहिलेली भोकं मोजा. रिकामं भोक सापडलं की कुठला स्क्रू हे नकाशा सांगतो.

मग पहिली वीज सीरिज बल्बमधून द्या. नेहमीचा पिवळा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब अँप्लिफायरच्या ओळीत जोडायचा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर आत सगळं जागेवर आहे असं समजायला हरकत नाही. पूर्ण उजेडानं पेटून राहिला तर ताबडतोब प्लग काढा आणि तपासणी अभ्रकाच्या वायसरपासून सुरू करा. तुमच्यासारख्या हौशी माणसानं जुळवलेला अँप्लिफायर गावातली पाच-पन्नास माणसं गणपतीत ऐकतात, त्याच्याजवळ मुलं वावरतात. चादर, पुठ्ठा, मीटर आणि बल्ब एवढ्याच भांडवलावर तो त्यांच्यासाठी सुरक्षित होतो. या पोळ्याला काम हाती घ्याल तेव्हा पहिला पुठ्ठा आखूनच पेचकस उचला.